खुब्यापासून अकरा सेंटिमीटर

नागपुरात अंबाझरीच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये एक काका आहेत. उजवा खुबा झिजलाय, म्हणून काठी घेतात. काठी उजव्याच हातात धरतात. दुखतं तिकडे आधार, हा हिशोब इतका सरळ वाटतो की कुणी शिकवलं नसेल तर कोणीही तेच करेल. बरेच दिवस पाहत होते, शेवटी न राहवून म्हटलं, "काका, काठी डाव्या हातात धरून बघता का?"

ते थांबले. "काहून बेटा? दुखून तर उजवीकडे राहिलं ना!"

मी फिजिओथेरपीच्या मुलांना बायोमेकॅनिक्स शिकवते. या विषयात नेमकं काय शिकतात असं बारावीतल्या मुलांच्या आयाबाबांनी विचारलं, की मी आता त्या 'काहून'पासूनच सुरुवात करते. त्याच्या उत्तरात निम्मा विषय येऊन जातो.

चालताना दर पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर असतो. समजा उजव्या. त्या वेळी डोकं, धड, दोन्ही हात आणि हवेत उचललेला डावा पाय, हे सगळं उजव्या खुब्याच्या सांध्यावर तोललेलं असतं. पण हे वजन बरोबर सांध्याच्या डोक्यावर पडत नाही. शरीराचा मध्य ओटीपोटात, आणि सांधा बाजूला. त्यामुळे वजन सांध्याच्या आतल्या अंगाला खाली ओढतं आणि कंबर डावीकडे कलंडायला बघते. ती कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, आपण कमरेवर हात ठेवतो त्याच्या जरा खाली, पंख्याच्या आकाराचा एक स्नायू असतो, ग्लुटियस मीडियस. तो पलीकडून ओढून धरतो. म्हणजे हा तराजूच झाला. मध्ये टेकू सांध्याचा, एका पारड्यात शरीर, दुसऱ्यात स्नायूची ओढ.

फक्त या तराजूची दांडी दोन्हीकडे सारखी नाही. माणूस ६० किलोंचा धरू. ज्या पायावर उभा आहे तो पाय वगळला तर वर उरतात साधारण ५० किलो. या वजनाची रेघ सांध्यापासून सुमारे ११ सेंटिमीटरवर पडते. स्नायूची ओढ मात्र सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर. ५० गुणिले ११ म्हणजे ५५०. तेवढंच पलीकडे हवं, तर ५५० भागिले ५, म्हणजे ११० किलोंचा जोर एकट्या स्नायूला लावावा लागतो. आणि सांध्यावर वजनही येतं आणि स्नायूची ओढही, दोन्ही मिळून १६० किलो. माणूस ६० किलोंचा, खुब्यावर १६०. तेही प्रत्येक पावलाला. (किलो हा शब्द इथे मी बाजारातल्यासारखा, जोर सांगायला वापरतेय. वर्गात तो न्यूटनमध्येच लिहायचा, नाहीतर गुण जातात.)

आता काठी डाव्या हातात द्या. ती उजव्या खुब्यापासून सहज ४० सेंटिमीटर लांब टेकते. काकांनी तिच्यावर नुसता ५ किलोंचा जोर दिला तरी ५ गुणिले ४० म्हणजे २०० वजा झाले. ५५०तले उरले ३५०. स्नायूचं काम ११०वरून ७०वर, आणि सांध्यावरचा भार १६०वरून ११५वर. मनगटाने ५ किलो दाबले आणि खुब्यावरून ४५ किलो उतरले. हीच काठी दुखऱ्या बाजूला धरली तर ती सांध्याच्या जवळ पडते, लांबीचा हा फायदा मिळत नाही, आणि मग माणूस तिच्यावर कलून कसंतरी निभावतो.

हे कागदावरचं गणित आहे आणि प्रत्यक्षात आकडे कमीजास्त होतात, पण फार लांब जात नाहीत. बर्लिनमध्ये गेऑर्ग बर्गमान यांच्या गटानं खुबा बदललेल्या रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच भार मोजणारी यंत्रणा बसवली होती. माणूस चालतोय आणि आतला सांधा स्वतःच आपला भार कळवतोय, असं. सावकाश, ताशी चार किलोमीटरच्या चालीला खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.४ पट भार येतो, असं त्यांनी २००१ साली मांडलं. आणि पाय अडखळून तोल गेला, तर? सात-आठ पट. पडण्याआधीच, स्वतःला सावरण्याच्या धडपडीत. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा आणि न्हाणीघरातला उंबरा काढून टाकावा.

काकांना हे सगळं बाकाशेजारच्या मातीत काडीनं रेघा ओढून सांगितलं. त्यांनी काठी बदलून दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला काठी पुन्हा उजवीकडे. सवय एका सकाळी जात नाही.

तर बायोमेकॅनिक्स म्हणजे हे. पुलाला, क्रेनला, सायकलला लागू होणारे बलांचे नियम जिवंत शरीराला लावून बघायचे. त्याची दोन अंगं आहेत आणि पहिल्या महिन्यात मुलं त्यांत हमखास गोंधळतात. एक काइनेमॅटिक्स: हालचाल कशी झाली, गुडघा किती अंशांत वाकला, पाऊल किती लांब पडलं, किती वेगानं. दुसरं काइनेटिक्स: ती कशामुळे झाली, कोणत्या बलानं, कुठून ओढल्यामुळे. पहिलं डोळ्यांना दिसतं. दुसरं दिसत नाही, ते हिशोबानं काढावं लागतं, आणि विषयाची सगळी गोडी तिथे आहे.

हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला तो सतराव्या शतकात इटलीच्या जिओव्हानी बोरेली या गणितज्ञानं. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ तो गेल्यानंतर, १६८० साली छापायला सुरुवात झाली. त्याच्या आधी बऱ्याच विद्वानांचं मत असं होतं की स्नायू थोड्या जोरात मोठं ओझं उचलतात, निसर्गानं तशी सोय केली असणार. बोरेलीनं हाडं मोजली आणि नेमकं उलटं दाखवलं: स्नायू सांध्याच्या इतक्या जवळ चिकटलेले असतात की हातातल्या ओझ्याच्या कितीतरी पट जोर त्यांना लावावा लागतो.

घरातली दोन हत्यारं आठवा. अडकित्ता आणि चिमटा. अडकित्त्यात सुपारी बिजागरीजवळ असते आणि आपला हात लांब टोकाला, म्हणून बोटांच्या जोरात सुपारी फुटते. चिमट्याचं उलट. जोड एका टोकाला, बोटं मध्ये दाबतात आणि निखारा पकडायचा दुसऱ्या टोकानं. जोर वाया जातो, पण बोटं थोडीशी हलली तरी टोक भरपूर हलतं. आपला हात हा चिमटा आहे. दंडातला बायसेप्स कोपरापासून साधारण ४ सेंटिमीटरवर जोडलेला असतो, पिशवी ३५ सेंटिमीटरवर. कोपर काटकोनात धरून ५ किलोंची पिशवी तोलायला बायसेप्सला जवळजवळ ४४ किलोंचा जोर लागतो, हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. तोट्याचा सौदा वाटतो ना? पण तोच स्नायू एक सेंटिमीटर आखडला की तळहात जवळजवळ नऊ सेंटिमीटर हलतो. दगड भिरकावणं, चेंडू टाकणं, घास तोंडाशी नेणं, सगळं या तोट्यातूनच शक्य होतं. शरीरानं जोर विकून वेग घेतलाय. चवड्यावर उभं राहताना मात्र आपलं पाऊल अडकित्त्यासारखं वागतं: टेकू चवड्याचा, वजन घोट्यावर, आणि पोटरी मागून टाच उचलते. म्हणून सडपातळ माणूससुद्धा चवड्यावर आपलं सगळं वजन सहज उचलतो.

मुलांना मी पहिल्या तासाला सूत्र देत नाही. भिंतीपाशी नेते. उजवा खांदा आणि उजवं पाऊल भिंतीला चिकटवून उभे राहा, आणि आता डावा पाय उचला. उचलत नाही. धडधाकट, कबड्डी खेळणारी मुलं हसतात, जोर करतात, तरी उचलत नाही. एका पायावर उभं राहायला अख्खं शरीर त्या पायाच्या बाजूला दोन-चार बोटं सरकावं लागतं, आणि भिंत ते सरकू देत नाही. रोज हजारो वेळा आपण हे सरकणं करतो आणि कधी लक्षात आलेलं नसतं. त्यानंतर फळ्यावर गुरुत्वमध्य हा शब्द लिहिला की तो कोरडा राहत नाही.

चालणं हा या विषयाचा गाभा आहे. एका पायाची टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक चक्र, साधारण एका सेकंदाचं. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. दोन्ही पायांची ही बेरीज शंभराच्या वर जाते, म्हणजे चक्रात दोनदा थोडा वेळ दोन्ही पाय एकदम टेकलेले असतात. चाल वाढली की हा दुहेरी आधार आटत जातो, आणि पळताना संपतोच, उलट मध्ये काही क्षण दोन्ही पाय हवेत. चालणं आणि पळणं यांतला खरा फरक हा आहे.

हे मोजायला पैसेवाल्या प्रयोगशाळेत अंगावर चकाकणारे छोटे गोळे लावतात, चहूबाजूंना इन्फ्रारेड कॅमेरे असतात आणि जमिनीत पायाचा जोर मोजणारी पाटी, म्हणजे फोर्स प्लेट, पुरलेली असते. मी पदव्युत्तर शिकत होते तेव्हा आमच्याकडे यातलं काही नव्हतं. आम्ही तिघी मैत्रिणी, वसतिगृहाचा लांब वऱ्हांडा आणि एक फोन. गोळ्यांच्या जागी आम्ही टिकल्या लावल्या: खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर एक, गुडघ्याच्या बाजूला एक, घोट्यावर एक. मरून रंगाच्या, मोठ्या. फोन स्टुलावर, विटांच्या आधारानं. मग किनोव्हिआ नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक चित्र थांबवून कोन मोजायचे. पावलांची लांबी मोजायला पाय ओले करून फरशीवर चालायचं ठरलं. मे महिना, नागपूरचं ऊन. तिसरा ठसा मोजेपर्यंत पहिला सुकलेला असायचा. शेवटी खडूची भुकटी तळव्याला लावली, आणि वऱ्हांडा झाडण्याचं काम वाढलं.

त्या टिकल्यांनी मला जे शिकवलं ते पुस्तकात वाचूनही कळलं नव्हतं. पहिली गोष्ट, कातडी हाडावरून सरकते. गुडघा वाकला की टिकली हाडाबरोबर जात नाही, ती आपल्या वेगळ्या वाटेनं जाते. महागडे गोळे लावले तरी हेच होतं. दुसरी गोष्ट गणिताची आहे आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण चांगली हुशार मुलंही इथे अडकतात.

समजा टिकलीची जागा ठरवताना तुमची फक्त २ मिलिमीटरची चूक झाली. एका सेकंदाला १०० चित्रं, म्हणजे दोन चित्रांमध्ये सेकंदाचा शंभरावा भाग. वेग काढायला जागेतला फरक वेळेनं भागायचा. २ मिलिमीटर भागिले ०.०१ सेकंद, म्हणजे वेगात सेकंदाला ०.२ मीटरची चूक. त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्यानं बदलतो ते, काढायला पुन्हा तसंच भागायचं: ०.२ भागिले ०.०१, म्हणजे २० मीटर प्रतिसेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण आहे ९.८. म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन मिलिमीटरच्या चुकीतून गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट त्वरण कागदावर जन्माला आलं, जे त्या बिचाऱ्या गुडघ्याला कधी झालंच नव्हतं. आणि बल काढायचं ते या त्वरणावरून. म्हणून आकडे आधी गाळून घ्यावे लागतात. चालण्याच्या हालचाली संथ असतात, थरथर वेगवान असते. तेव्हा ठरावीक वारंवारितेच्या वरचं सगळं चाळणीत अडकवायचं. चाळणी फार बारीक घेतली तर टाच टेकतानाचा खरा धक्काही गाळला जातो, फार मोठी घेतली तर कचरा आत येतो. कुठली चाळणी लावली हे ज्या अहवालात लिहिलेलं नसेल त्यातल्या बलाच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

फोर्स प्लेटवरचा आलेख पहिल्यांदा पाहिला तो दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत. चालत जाऊन प्लेटवर पाय ठेवला की पडद्यावर दोन उंचवटे उमटतात. पहिला टाच टेकल्यावर, दुसरा चवड्यानं मागे ढकलताना. दोन्ही शरीराच्या वजनापेक्षा जरा वर, ११०-१२० टक्क्यांपर्यंत. मधल्या खळग्यात मात्र जमिनीवरचा भार वजनापेक्षा कमी! माणूस एका पायावर उभा आहे आणि जमिनीला तो हलका लागतोय. कारण त्या वेळी शरीर टेकलेल्या पायावरून कमानीसारखं वर जाऊन खाली वळत असतं, लिफ्ट खाली निघताना पोटात हलकं वाटतं तसं. चालणं म्हणजे उलटा टांगलेला लंबक. प्रत्येक पावलाला आपण थोडे वर चढतो आणि पुढे पडतो, आणि पडण्यातून मिळालेला वेग पुढच्या चढाला वापरतो. म्हणून चालणं इतकं स्वस्त पडतं.

या विषयातली माझी सगळ्यात आवडती हकिगत एकोणिसाव्या शतकातल्या झुरिकची आहे. हर्मान फॉन मेयर हे शरीररचनेचे प्राध्यापक. मांडीच्या हाडाचं वरचं टोक त्यांनी उभं चिरलं होतं. आत जाळीदार हाड असतं, वरून नुसता स्पंज वाटतो, पण त्यांना त्यात वळणदार रेघा दिसत होत्या. कार्ल कुलमान हे पूल आणि क्रेनचं गणित शिकवणारे अभियंते. त्यांनी तो काप पाहिला आणि ओळखलं, की वाकड्या क्रेनवर भार टाकला तर तिच्या आत ताण आणि दाब ज्या रेघांनी वाहतात, त्या या रेघा आहेत. जिथून भार जातो तिथे हाड, जिथून जात नाही तिथे पोकळी. पुढे १८९२ साली युलियस वोल्फ यांनी सांगितलं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवत राहतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक टक्क्याहून जास्त झिजतं ते याच कारणानं. तिथे त्याला काम नाही. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आम्ही शक्य तितक्या लवकर उभं करायला बघतो, त्यामागचं एक कारण हेच.

कळमना बाजारात पहाटे गेलं तर हा विषय माणसांच्या पाठीवर चाललेला दिसतो. सोयाबीनचं पोतं हमाल एकट्यानं जमिनीवरून उचलत नाही. दोघं दोन कान धरून उचलून देतात आणि तो पाठ खाली घालून पोत्याच्या खाली शिरतो. पोतं मानेमागे, खांद्यांवर येतं, आणि तो चालायला लागतो. कमरेपासून पोत्याच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर जवळजवळ संपलेलं असतं. हे त्याला कुणी फळ्यावर शिकवलेलं नाही.

आपण घरात काय करतो? तेलाचा १५ किलोंचा डबा. पाय सरळ, कमरेतून वाकून, हात लांब करून उचलतो. कण्याला मागून सावरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर आहेत. डबा ४५ सेंटिमीटर पुढे असेल तर १५ गुणिले ४५ भागिले ५, म्हणजे १३५ किलोंची ओढ फक्त डब्यासाठी. आणि आपण स्वतः वाकलोय त्याचं काय? ६० किलोंच्या माणसाच्या कमरेच्या वरचा भाग ३६ किलोंचा धरला आणि तो २० सेंटिमीटर पुढे गेलेला असला तर त्याचे १४४. रिकाम्या हातानं वाकणंसुद्धा डब्याइतकंच महाग! अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेनं, नायॉशनं, कमरेच्या शेवटच्या मणक्यावरच्या दाबाची मर्यादा ३४०० न्यूटन धरली आहे, म्हणजे सुमारे ३५० किलो. दोन्ही ओढी, डबा आणि वरचं शरीर मिळून ३३० किलो होतात, म्हणजे आपला १५ किलोंचा डबा त्या मर्यादेच्या अगदी जवळ नेऊन ठेवतो. तोच डबा आधी पायांजवळ ओढून, पोटाशी धरून उचलला आणि अंतर २० सेंटिमीटरवर आलं, तर १३५चे ६० होतात. 'गुडघ्यात वाका, कमरेत वाकू नका' हे सगळे सांगतात, पण माझ्या मते त्याहून मोलाचा शब्द 'जवळ' हा आहे. गुडघ्यात वाकूनही डबा लांब राहिला तर फायदा थोडाच.

त्याच संस्थेनं १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी दोन्ही हातांनी उचलायच्या ओझ्याची कमाल २३ किलो धरली आहे. आपल्याकडचं सिमेंटचं पोतं ५० किलोंचं असतं. हमालांच्या कमरा चाळिशीतच जातात याचा दोष त्यांच्या उचलण्याच्या पद्धतीवर टाकणारे लोक भेटले की मला राग येतो. पद्धत त्यांची उत्तम आहे. पोतं जड आहे.

डोक्यावर ओझं वाहण्याबद्दल एक थक्क करणारा अभ्यास १९८६ साली केनियातल्या बायकांवर झाला. लहानपणापासून सवय असलेल्या या बायका शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाइतकं ओझं डोक्यावर घेऊन चालल्या तर त्यांना लागणारा प्राणवायू वाढलाच नाही. पुढच्या संशोधनात दिसलं की ओझं आल्यावर त्यांचा तो उलटा लंबक जास्त चोख चालतो, चढ-उतारातली शक्ती कमी वाया जाते. पुढे सगळीकडे इतका स्पष्ट निकाल मिळालेला नाही. आपल्याकडे चुंबळीवर घागर ठेवून चालणाऱ्या बाईची चाल मोजून कुणी इतक्या बारकाईनं मांडली तर मला फार हवं आहे.

कारण पुस्तकातलं शरीर बहुतेक वेळा बूट घालून सपाट जमिनीवर चालतं आणि खुर्चीत बसतं. चालायला गुडघा साधारण ६० अंशांत वाकला की भागतं. खुर्चीत बसायला ९०. आमच्या ओपीडीत येणाऱ्या बाईला मात्र उकिडवं बसून भांडी घासायची असतात, शेतात निंदायला बसायचं असतं, जेवायला मांडी घालायची असते. त्याला १३०च्या पुढे वाकणारा गुडघा लागतो. शस्त्रक्रियेनंतर तिचा गुडघा ११०पर्यंत वाकला की कागदावर निकाल उत्तम. ती घरी जाते आणि पंगतीत खुर्ची मागते, आणि तिला ते लागतं.

हा फरक ज्यांनी सगळ्यात आधी मनावर घेतला त्यांत जयपूरचे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा आहेत. साठच्या दशकात पाय गेलेल्यांना पाश्चात्त्य धर्तीचं कृत्रिम पाऊल मिळायचं. घोटा घट्ट, टाचेत मऊ पाचर, वर बूट हवाच. शेतकरी ते पाऊल घेऊन जायचा आणि काही दिवसांत कुबड्यांवर परत यायचा. चिखलात बूट टिकत नाही, देवळात बूट चालत नाही, आणि घट्ट घोट्यानं उकिडवं बसता येत नाही. शर्मा आणि सेठी यांनी रबराचं, अनवाणी वापरता येईल असं, खऱ्या पावलासारखं दिसणारं आणि घोट्यात सगळ्या दिशांना लवणारं पाऊल घडवलं. उकिडवं बसा, ओबडधोबड बांधावरून चाला, मांडी घाला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी मुलांना सांगते की बायोमेकॅनिक्सचा अभ्यास कॅमेऱ्यापासून सुरू होत नाही. हा माणूस दिवसभर कसा बसतो-उठतो, या प्रश्नापासून होतो.

आता नागपुरात राहून हे शिकायचं कुठे? हा विषय बहुतेकदा दुसऱ्या एखाद्या पदवीच्या पोटात असतो. पहिलं दार फिजिओथेरपीचं, बीपीटी. नागपुरात आणि आसपास बरीच महाविद्यालयं आहेत, महाराष्ट्रात प्रवेशाला 'नीट' ही परीक्षा द्यावी लागते, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बायोमेकॅनिक्स येतंच. इथे रुग्ण लवकर भेटतात, गणित मात्र कमी पडतं. दुसरं दार शारीरिक शिक्षणाचं. नागपूर विद्यापीठात ते आहे, आणि अमरावतीचं १९१४पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर या क्षेत्रातलं जुनं घर. खेळाच्या बायोमेकॅनिक्ससाठी पुढे ग्वाल्हेर आणि पतियाळा इथे जाता येतं. तिसरं दार अभियांत्रिकीचं. व्हीएनआयटीत किंवा दुसरीकडे मेकॅनिकल करून मग आयआयटी मुंबई, दिल्लीसारख्या ठिकाणी बायोमेडिकलकडे वळायचं. इथे गणित पक्कं होतं, पण खुबा हाताला कसा लागतो ते कळत नाही. कुठल्याही दारानं आत या, दुसऱ्या दाराचं अर्धं शिक्षण स्वतःच करावं लागतं. बीपीटीच्या मुलांनी अकरावीचं भौतिकशास्त्र, सदिश आणि त्रिकोणमिती फेकून देऊ नये. अभियंत्यांनी निदान काही महिने ओपीडीत नुसतं बसून लोक कसे चालत येतात ते बघावं. स्टॅनफर्डनं बनवलेलं ओपनसिम फुकट मिळतं, त्यात अख्खं स्नायू-हाडांचं शरीर संगणकावर चालवता येतं. खरा कस लागतो तो चिकाटीचा. अर्ध्या मिनिटाच्या चालीचा हिशोब करायला अर्धा दिवस जातो.

नोकऱ्यांचं खरं सांगायचं तर 'बायोमेकॅनिस्ट' अशी पाटी लावून बसायच्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत. कृत्रिम अवयव, खेळाडूंची संघटित तयारी, पादत्राणं, कारखान्यातल्या कामाची आखणी, संशोधन, अध्यापन, असं विखुरलेलं आहे. बरेच जण फिजिओथेरपिस्ट म्हणूनच काम करतात, पण ज्यांना हा हिशोब येतो त्यांचा हात वेगळा चालतो.

या वर्षी मी मुलांना घरचा अभ्यास दिला होता. घरातलं एक म्हातारं माणूस जमिनीवरून कसं उठतं ते बघा आणि चार ओळींत लिहा. पुस्तकात खुर्चीतून उठण्याची पानंच्या पानं आहेत, जमिनीवरून उठण्याची फार थोडी. सावनेरकडून येणारी एक मुलगी आजीचं टिपण घेऊन आली. तिनं खडूनं फरशीवर पावलांच्या जागा आखल्या होत्या आणि फोनवर वेळ मोजली होती.

वहीत लिहिलं होतं: 'आजी आधी पुढे झुकते, डोकं गुडघ्याच्या पुढे येईपर्यंत. उजवा हात जमिनीवर. मग डावा हात गुडघ्याच्या वर, मांडीवर, जोरात दाबून. तीन टप्पे. ९ सेकंद.' खाली तिनं बाणांची आकृती काढली होती. धडाचा भार कमरेच्या स्नायूंवर न जाता दंडातून सरळ मांडीच्या हाडावर उतरतोय, हे तिनं बरोबर दाखवलं होतं. पुढे गुडघ्यापासून तळहातापर्यंतचं अंतरही लिहिलं होतं, ९ सेंटिमीटर.

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, वेगळ्या शाईत. 'हात मांडीवर न ठेवता उठायला सांगितलं. मी मागे धरायला उभी होते. तिला उठता आलं नाही.'